गेरूची रेघ आणि खडीचा भाव

हैदराबादला आलेला पाहुणा चारमिनार किती जुना, हे हमखास विचारतो. 1591 चा, असं आपणही अभिमानानं सांगतो. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे इथले धोंडे मात्र कुणाला थांबवत नाहीत. या ग्रॅनाइटचं वय आहे सुमारे 250 कोटी वर्षं. याच खडकांच्या आडोशाला, चारमिनारच्या कितीतरी आधी, माणसं राहिली आणि त्यांनी चित्रं काढली.

त्या चित्रांचं साहित्य आपल्याला परकं नाही. दिवाळीत तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू, म्हणजे लोहाची लाल माती. हा रंग सहसा उडत नाही. भीमबेटक्याला तोच, स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेतही तोच. अर्जेंटिनात तर एका गुहेची भिंत हातांच्या ठशांनी भरलेली आहे. भिंतीवर पंजा टेकवायचा आणि भोवती रंग फुंकायचा. हात काढला की त्याची मोकळी आकृती उरते.

चित्र टिकलं तरी ते ओळखणारा लागतो. अल्तामिराचे गवे 1879 साली जमीनदार सौतुओला यांच्या लहान मुलीला दिसले. पंडितांना ते खरे वाटेनात. रानटी माणसाला असं जमेलच कसं, म्हणे! मान्यता मिळाली 1902 मध्ये, सौतुओला वारल्यावर. आपल्याकडे मिर्झापूरजवळ आर्चिबाल्ड कार्लाइलनं 1867-68 मध्ये, म्हणजे अल्तामिराच्याही आधी, अशी चित्रं पाहिली होती. ती फार जुनी आहेत हे त्यानं ताडलंही होतं. पण त्याची टिपणं छापली गेली थेट 1906 साली.

दख्खनच्या पठारावर रंगाबरोबर दुसरीही रीत होती. पाट्याला टाकी लावून घेतली की काळ्या दगडावर पांढुरके टिपके उठतात, ते आठवा. बळ्ळारीजवळच्या कुपगलच्या टेकडीवर माणसांनी दगडानं दगड ठोकून तशीच चित्रं उमटवली. लांब शिंगांचे, वशिंडाचे बैल जागोजागी आहेत. तिथले काही खडक ठोकले की घंटेसारखे वाजतात. रायचूरचं पिकलिहाळ 1956 पर्यंत निजामाच्या जुन्या मुलखातच होतं. तिथल्या उत्खननाचा रेमंड ऑल्चिन यांचा अहवाल 1960 साली हैदराबादेतूनच निघाला. नवाश्मयुगातल्या या गुराख्यांनी देव काढले की आपली गुरं, कोण सांगणार? पण जीव ज्यावर होता तेच काढलं असणार.

आता शहराच्या पश्चिमेला या. कोकापेटच्या खडकांवरही लाल रंगातली चित्रं मिळाली आहेत. या गावाचं नाव मात्र वेगळ्याच कारणानं सगळ्यांना पाठ झालंय. ऑगस्ट 2023 मध्ये इथल्या सरकारी जमिनीच्या लिलावात एकराचा भाव 100 कोटींच्या वर गेला. एवढ्या भावाच्या जमिनीत धोंडा म्हणजे अडचणच. सुरुंग लावायचा, खडी करायची, तीच खडी इमारतीच्या पायात घालायची. कुपगललाही खडीच्या खाणी चित्रांपर्यंत येऊन भिडल्या होत्या. ऊन, पाऊस, वारा यांनी हजारो वर्षांत जेवढं पुसलं नाही, तेवढं एका दुपारच्या स्फोटात जातं. मूर्ती भंगली तर तुकडे तरी संग्रहालयात ठेवता येतात. चित्राच्या खडकाची खडी झाली तर काय वेचणार?

हे टळू शकतं. 1996 पासून हैदराबादेत खडक वाचवण्यासाठी एक संस्था काम करते. लोकांना खडकांत फिरवून आणणं हाही तिच्या कामाचा भाग. कोकणात सड्यावरची कातळशिल्पं अभ्यासकांनी गावोगाव पायी फिरून शोधली. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे 18 मीटर, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. गावकऱ्यांना अशा खुणा आधीपासून ठाऊक होत्याच. त्यांचं मोल कळल्यावर गावंही राखणीला पुढे आली. 2022 साली त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या.

हैदराबादच्या खडकांनाही पाहिली गरज आहे ती अशा पायी फिरणाऱ्यांची. सुरुंगाचं भोक पाडण्याआधी कुणीतरी त्या धोंड्याला एक फेरी मारावी, आडोशाच्या बाजूनं नीट पाहावं. लाल डाग दिसला तर तो पुसू नये, वर नाव कोरू नये, पाणी मारून उजळवू तर मुळीच नये. पुरातत्त्व खात्याला कळवावं. एवढं झालं तरी खूप झालं.