सौंदडचा उन्हाळा आणि सत्तर पानांचा पुडा



परवा नात म्हणाली, "आजी, टीव्ही नाही, मोबाइल नाही, मग सुट्टीत तुम्ही करत तरी काय होतात?" तिला सागरगोटे आणि अष्टाचंग सांगितले. एक खेळ मात्र सांगायचा राहिला. तो इथे लिहिते.

पाचवीपासून मी शिकायला नागपूरला काकांकडे होते. परीक्षा संपली की घरी, सौंदडला. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता, गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचं. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली ही अडीच फुटी लाईन, पुढे नव्वदच्या दशकात मोठी झाली. खिडकीतून मोहाचा वास आला की घर जवळ आलं असं वाटायचं.

आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेलं असे, म्हणून गल्लीत सगळ्यात लांब संध्याकाळ आमचीच. अंगणात पाणी मारायचं, खाटा टाकायच्या आणि चिंचोक्यांवर अष्टाचंग. दुपारी सागरगोटे. आजी आमरसाला आंबे पिळायची, पापड-कुरडयांची राखण आमच्याकडे.

पहाटेचा खेळ वेगळा होता. मागच्या वस्तीतल्या मैत्रिणीबरोबर मोहाखाली जायचं. मोहाची फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत वेचायची. मी ओंजळभर वेचून कंटाळायची, ती टोपली भरेपर्यंत उठत नसे. आजी ती फुलं उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती, त्यांची दारू होते म्हणून. मैत्रिणीच्या घरी मात्र ती वाळवून पावसाळ्यासाठी ठेवत, भाजून खात.

मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. गोंदिया भागात विड्यांचे मोठे कारखाने, त्यांना ही पानं लागत. हिरवं पान तोडायचं नाही, अशी आजीची सक्त ताकीद. पण तोडलेली मोजायला काय हरकत, असं म्हणून मी दुपारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. कोण आधी पुडा बांधतं, अशी आमची शर्यत लागे.

एकदा जिंकायच्या नादात मी मोजलंच नाही. अंदाजाने पानं घेतली आणि दोरी आवळली. फळीवर नेमके माझेच पुडे उघडले गेले. कुठे साठ, कुठे बासष्ट. मुनशीने त्या दिवशीचे त्यांचे बरेच पुडे बाद केले. दुसऱ्या दिवशी तिची आई मला एवढंच म्हणाली, "पोरी, सत्तर पायजेत." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी घरी काही सांगितलं नाही.

पुढे बी.कॉम. करताना तेंदूचा व्यापार वाचला. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या हाती गेला. एका प्रमाण गोणीत १००० पुडे, म्हणजे ७०,००० पानं. प्रत्येक पान हाताने तोडलेलं, हाताने मोजलेलं. मजुरी पुड्यांवर. आता २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूसह गौण वनउपजावर गावाचा हक्क मान्य झाला आहे. गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभा आपली पानं स्वतः विकतात. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, पण माझ्या नावावरचा तो दिवस त्याने फिटत नाही.

आपण अचौर्य म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलू नये, एवढंच धरतो. कमी मोजणं हाही त्याचाच अतिचार आहे, हे मला प्रतिक्रमणाच्या पाठात फार उशिरा उमगलं. माझी सुट्टी तिचा हंगाम होता, तिथे माझ्या गमतीची किंमत तिच्या घराने भरली.

ती मैत्रीण लग्न होऊन गेली, पुन्हा भेट नाही. संवत्सरीला सगळ्यांना खमावते, तेव्हा त्या माय-लेकींना आधी. मिच्छामि दुक्कडम.

या सुट्टीत नातवंडांना गावी नेणार असाल तर अंगण, आंबे, सागरगोटे सगळं दाखवा. आणि त्या अंगणापलीकडे कोण काय वेचतं आहे, तेही दाखवा.