कुपारी : एका हाकेची कुळकथा

मराठीत काही नात्यांचे शब्द दोन्ही बाजूंना सारखेच चालतात. व्याही व्याह्याला व्याहीच म्हणतो, साडू साडूला साडूच. मामा-भाच्यांसारखी वरची-खालची पायरी इथे नाही. वसईतल्या कुपारी समाजाचं नाव अशाच एका शब्दातून आलं आहे. फरक इतकाच की, व्याही लग्नाच्या मांडवात होतात आणि हे नातं बाप्तिस्म्याच्या पाण्याशी जुळतं.

बाळाला बाप्तिस्मा देताना त्याच्या बाजूने एक धर्मपिता उभा राहतो. बाळाचं त्याच्याशी नातं जुळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच क्षणी बाळाचा सख्खा बाप आणि धर्मपिता हेही एकमेकांचे कोणीतरी होतात. लॅटिनमध्ये या नात्याला 'कोंपातेर' म्हणजे सह-पिता म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचं 'कोंपाद्रे' केलं. गोव्याच्या कोकणीत तो 'कुंपार' झाला आणि वसईत 'कुपारी'. युरोपच्या दुसऱ्या टोकाला, रशियात आणि सर्बियात, याच कुळातला शब्द झिजून नुसता 'कुम' उरला आहे.

उच्चारांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. 'ओ'चा 'उ' होणं आपल्या तोंडाला नवीन नाही. पोर्तुगीज 'त्रोंको'चा आपण 'तुरुंग' केलाच. शेवटच्या 'ए'ची 'ई' झाली, ती 'पाद्रे'चा 'पाद्री' होताना झाली तशीच. मधला 'द' गळला, तो गोव्याच्या 'कुंपार'मध्येही गळलाच आहे. चावी, पगार, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांच्या घरातून, कचेरीतून, बांधकामावरून आले. कुपारी आला तो देवळातून.

आता या शब्दाला माणसं कुठून मिळाली ते पाहू. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांचा अंमल राहिला. या दोनशे वर्षांत नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या बागायती पट्ट्यातली अनेक सामवेदी कुटुंबं ख्रिस्ती झाली. शेजारची काही झाली नाहीत. म्हणून आजही या पट्ट्यात सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती असे दोन समाज आहेत आणि दोघांची बोली एकच आहे, कादोडी. धर्माने घरं वेगळी केली, पण दोन्हीकडच्या आयांनी मुलांना शिकवलेली भाषा तीच राहिली. वसईबद्दलची ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

धर्मांतर करणाऱ्याचं जुनं गोत तुटत होतं. पंक्ती, सोयरिकी, श्राद्धाचे पाहुणे, सगळंच दुरावत होतं. अशा वेळी बाप्तिस्म्याने त्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली आडनाव. पुष्कळांना ते धर्मपित्याकडून मिळालं, म्हणून मराठी बोलणाऱ्या घरांच्या दारावर परेरा, लोपीस, दिब्रिटो अशी नावं दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे कोंपाद्रे हे नातं. आडनाव वरून खाली आलं. कोंपाद्रे मात्र दोघांनी एकमेकांना सारख्याच हक्काने म्हणायचा शब्द होता. तुटलेल्या गोताच्या जागी नवं गोत उभं करायला, माझ्या मते, आडनावापेक्षा हा शब्दच जास्त उपयोगी पडला. म्हणून तो एका नात्यापुरता उरला नाही. जे एकमेकांना कुपारी म्हणत, ते सगळेच कुपारी झाले.

हे नातं किती बळकट मानलं जाई, ते कायद्यांतून कळतं. 692 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने ठरवलं की, धर्मपित्याने बाळाच्या विधवा आईशी लग्न करू नये, कारण आत्म्याचं नातं रक्ताच्या नात्याहून मोठं. पण मला त्याहून बोलका वाटतो तो आयर्लंडचा कायदा. तिथे या नात्याला 'कारजस क्रीस्त' म्हणजे ख्रिस्ताची मैत्री म्हणत. इंग्रज सरदार तिथे जाऊन राहिले आणि पिढ्या-दोन पिढ्यांत आयरिश कुटुंबांशी ही मैत्री जोडू लागले, मुलं वाढवायला आयरिश घरी ठेवू लागले, आयरिश भाषा बोलू लागले. राज्यकर्त्यांना धडकी भरली. 1366 मध्ये किल्केनी इथे कायदा झाला : इंग्रजांनी आयरिश माणसांशी लग्न करू नये, मुलं त्यांच्याकडे वाढवायला देऊ नयेत, बाप्तिस्म्याचं नातं जोडू नये, इंग्रजीच बोलावी आणि आयरिश कवी-कथेकऱ्यांना थारा देऊ नये. इंग्रजी वाचवण्यासाठी केलेला हा कायदा लिहिला होता मात्र फ्रेंचमध्ये.

त्या यादीत सोयरीक, बाप्तिस्म्याचं नातं, भाषा आणि कवी एकत्र बसवले आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कायदा करणाऱ्यांना कळत होतं की, या गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात. आयरिश लोकांनी तर संतांनाही घरच्या नात्यात ओढलं होतं. दहाव्या शतकाच्या आसपासच्या एका आयरिश कवितेत संत इता ही बाळ येशूला आपल्या कुशीत वाढवते; ती त्याची दाई-माऊली होते. पालक-बापासाठी असलेला जुना आयरिश शब्दही पुढे 'शिक्षक' या अर्थाने रुळला. नात्याचा शब्द असा घराबाहेर पडला की कुठवर जाईल ते सांगता येत नाही. कुपारी तर अख्ख्या समाजापर्यंत गेला.

पोर्तुगीजांनीही भाषेवर हात टाकलाच. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. कोकणी उरली. वसईत कादोडीही उरली, आणि तिने पोर्तुगीज शब्द घेतले ते स्वतःच्या व्याकरणात बसवून.

दोन भाषांच्या मध्ये उभं राहण्याचं काम वसईच्याच एका मुलाने जगाच्या दुसऱ्या टोकाला केलं. गोन्सालो गार्सिया इथे जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. तो जपानला गेला, जपानी शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि मग मिशनऱ्यांचा दुभाषा म्हणून जपानला परतला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवून मारलं. 1862 मध्ये तो संत घोषित झाला. तेव्हा वसईतून पोर्तुगीज जाऊन सव्वाशे वर्षं होत आली होती.

पोर्तुगीज गेले आणि शब्द मात्र राहिला. 1887 मध्ये मुंबई-साष्टीच्या स्थानिक कॅथलिकांनी गोव्याच्या मंडळींपासून वेगळं ओळखलं जावं म्हणून 'ईस्ट इंडियन' हे नाव ठरवून घेतलं. कुपारी हे नाव कोणी सभेत ठरवलेलं नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा कादोडी कानावर घेत वाढलेला एक कुपारी त्या खुर्चीवर बसला होता.

1983 च्या नव्या कॅथलिक धर्मसंहितेने बाप्तिस्म्याच्या नात्यामुळे लग्नाला होणारी आडकाठी काढून टाकली. किल्केनीच्या कायद्यालाही आज कोणी विचारत नाही. वसईच्या देवळात मात्र अजूनही बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं जातं, शेजारी धर्मपिता उभा असतो, आणि समोर बाळाचा बाप.