वणव्याची वेठ

"सर, वणवा लावतो कोण?" वर्गात वनकायद्याचा इतिहास शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले. उत्तर त्याच्याजवळ तयार होते. "डोंगरातले लोकच लावतात." मी त्याला खोटे पाडले नाही. गुराखी कोवळ्या गवतासाठी माळ पेटवतो, भाताचा राब भाजताना ठिणगी उडते, कुणाच्या विडीचे थोटूक पडते. वणवा बहुधा माणसाच्याच हातून लागतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर थांबू नये. वणवा विझवायला कोणाला धाडले आणि जळले कोणाचे, हेही विचारले पाहिजे.

माझे गाव जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत आहे. गावाच्या मध्यभागी पाटलाचा कौलारू वाडा. आणि गावकुसाबाहेर, डोंगराच्या गवताला अगदी लागून, आमचा महारवाडा. आज त्याला बौद्धवस्ती म्हणतात. माझ्या आजोबांच्या तरुणपणी तिथे कुडाच्या भिंती आणि गवताची छपरे होती. फाल्गुन-चैत्रात डोंगर वाळला की रान आणि गाव यांच्यामधली पहिली घरे आमची. ही जागा आम्ही निवडलेली नव्हती. अस्पृश्यतेने जिथे ढकलले तिथेच वणव्याची वाट होती.

आजी सांगायची, "चावडीवरून हाळी आली की भरल्या ताटावरून उठावं लागायचं." माझे पणजोबा वतनदार महार. ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला वाड्यातले सगळे गडी राखीव जंगलात जायचे. एका वर्षी ते असे वर गेलेले असताना वारा फिरला आणि वाड्यातली तीन घरे बसली. दाण्यांची कणगीही गेली. जळलेल्या जंगलाची पाहणी करायला साहेब आले. जळलेल्या घरांकडे कोणी आल्याचे आजीला आठवत नव्हते.

ही आमच्याच घराची कर्मकहाणी, असे मी बरीच वर्षे समजत होतो. पुढे नोकरी लागल्यावर १९२७ चा भारतीय वन कायदा मुळातून वाचला आणि कलम ७९ वर थबकलो. जंगलात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्यांवर, तसेच जंगलाला लागून असलेल्या गावात समाजाच्या सेवेबद्दल सरकारकडून मोबदला घेणाऱ्या प्रत्येकावर, आग विझवण्याची सक्ती हे कलम करते. कुणी बोलावण्याची वाटही पाहायची नाही. चुकला तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सबळ कारण होते हे त्यानेच सिद्ध करायचे. या कलमात 'महार' हा शब्द नाही. कागदावर पाटीलही त्यात येतो. पण आमच्या गावात पाटील हुकूम सोडी आणि महार धावे.

हेच कलम आणखी एक गोष्ट सांगते. आसपास लागलेली आग जंगलात शिरू नये म्हणून ती अडवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जंगलातली आग वस्तीत शिरू नये, याबद्दल एक अक्षर नाही. विझवणाऱ्याच्या मजुरीबद्दल नाही, भाजलेल्या हातांबद्दलही नाही. उलट कलम २६ प्रमाणे, कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने राखीव जंगलाला आग लावली तर तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच सरकार स्थगित करू शकते. आग एकाने लावायची आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी मरायची!

१८६४ साली वनखाते स्थापन झाले तेव्हापासून इमारती लाकडाकडे सरकारची नजर होती. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायराने गिळणाऱ्या या खात्यावर कोरडे ओढले आहेत. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली. हा कायदा त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला आहे. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. रात्रंदिवस राबवून घेणाऱ्या त्या वतनाला आमच्या घरी वणव्याची वेठही चिकटलेली होती.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आजोबांनी गावकीची कामे सोडली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. तरी वणवा दिसला की आजोबा डहाळी घेऊन निघत. आजी म्हणायची, "आता हाळी नव्हती. आता आपल्या घरासाठी जात." मला हा फरक फार मोठा वाटतो.

वतन गेले, कलम ७९ मात्र पुस्तकात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल ज्याचे आहे तो त्याची राखण हुकुमावाचून करतो. पण ग्रामसभेत बौद्धवस्तीचा शब्द ऐकला जाणार का? जाळरेषा आखताना ती आमच्या घरांच्या वरून जाईल, की पुन्हा आमची घरेच जाळरेषा ठरतील? कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात हा प्रश्न विचारावा. आणि वर्गातल्या त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, उन्हाळ्यात गावी जाशील तेव्हा डोंगराला लागून असलेले पहिले घर कोणाचे आहे, ते पाहून ये.