पोथी आणि पीक

माओ १९७६ साली गेले आणि चीनने मार्क्सची पोथी गुंडाळून ठेवली, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही.

फेब्रुवारी १९७७ मध्ये हुआ ग्वोफेंग यांच्या गोटाने माओंचा प्रत्येक निर्णय शिरोधार्य ठरवला. त्याला उत्तर मिळाले ते ११ मे १९७८ च्या 'ग्वांगमिंग' दैनिकातील एका लेखातून: सत्याची कसोटी एकच, ती म्हणजे व्यवहार. वरवर पाहता ही तत्त्वचर्चा. पण तिने हुआंच्या पायाखालची वाळू सरकली आणि डेंग यांची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षाअखेरीस आन्हुई प्रांतातील श्याओगांगच्या १८ शेतकऱ्यांनी सामुदायिक जमीन गुपचूप घरोघर वाटून घेतली. म्होरके तुरुंगात गेले तर त्यांची मुले आम्ही वाढवू, असा कागद करून त्यावर अंगठे उठवले. पीक आले ते या अंगठ्यांमुळे. मात्र राजमान्यतेसाठी पोथीतला शब्द हवाच! म्हणून ही वाटणी 'कुटुंबनिहाय जबाबदारी' ठरली. मालकी सामुदायिकच राहिली.

पुढे १९८७ मध्ये सरचिटणीस झाओ झियांग यांनी 'समाजवादाची प्राथमिक अवस्था' मांडली. ती म्हणे किमान शंभर वर्षे चालणार! साम्यवाद रद्द झाला नाही, लांबणीवर पडला. आणि तेवढ्या अवकाशात खाजगी उद्योग सुखाने बसला. १९९२ मध्ये बाजारपेठही 'समाजवादी' झाली.

तोवर झाओ पदावर नव्हते. तिआनआनमेनच्या विद्यार्थ्यांवर सैन्य घालण्यास विरोध केल्यामुळे १९८९ मध्ये त्यांना दूर केले गेले आणि २००५ साली मृत्यू येईपर्यंत ते नजरकैदेत राहिले. त्यांचे सूत्र पक्षाच्या घटनेत आजही आहे.