सौंदत्तीच्या दोन पुनवा

मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली की बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या मुलखातील भाविकांची पावले सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे वळतात. जमदग्नीचा वध झाला आणि रेणुकेला वैधव्य आले, अशी कथा आहे. म्हणून ही 'रांडाव पुनव'. या दिवशी बांगड्या फोडण्याचा प्रघात. माघात पती पुन्हा सजीव झाला, म्हणून ती 'अहेव पुनव'; त्या दिवशी हाती नवा चुडा.

चंद्राचे पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. परंतु त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने ते कमीअधिक होते. त्याचे गणित भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'तही आहे. अशा जवळच्या पौर्णिमेला १९७९ साली रिचर्ड नोल या अमेरिकन ज्योतिषाने 'सुपरमून' हे नाव दिले आणि वादळे, भूकंप यांचा संबंध तिच्याशी जोडला. समुद्राची भरती त्या वेळी किंचित अधिक चढते, हे खरे. परंतु मनुष्याच्या भाग्यावर तिचा काही परिणाम होतो, याला शास्त्रीय आधार नाही.

योगायोग असा की, ३ डिसेंबर २०१७ ची मार्गशीर्षी पौर्णिमा आणि ३१ जानेवारी २०१८ ची माघी पौर्णिमा, दोन्ही अशाच जवळच्या होत्या. पहिल्या वेळी चंद्र सुमारे ३,५८,००० किलोमीटरांवर होता, दुसऱ्या वेळी सुमारे ३,६०,००० वर. जवळजवळ तेच अंतर, तोच चंद्र. मग एका पुनवेस वैधव्य आणि दुसरीस सौभाग्य, हे कसे? उत्तर उघड आहे. पुनवेला अर्थ दिला तो माणसांनी.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. याच देवीच्या नावाने गरीब, बहुतांशी दलित घरांतील कोवळ्या मुलींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधून त्यांना देवदासी केले जाई. त्या मुलींचे आयुष्य कोणत्याही ग्रहाने बिघडवले नव्हते. ते दारिद्र्याने आणि रूढीने बिघडवले होते. म्हणूनच त्यावर उपायही माणसांनाच शोधावा लागला. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, १९३४ साली, देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. १९५६ साली हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे कर्नाटकाने १९८२ साली मुली सोडण्यास बंदी करणारा कायदा केला.

चंद्र जवळ येतो आणि दूर जातो. त्याला कायदा लागत नाही. रूढी मात्र आपोआप दूर जात नाही.