इन्फ्लूएंझाचा प्रतिबंध : अड्याळ परिसरातील भाविकांसाठी माहिती

इन्फ्लूएंझा, अर्थात फ्लू, हा विषाणूंमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार आहे. महाराष्ट्रात त्याचा जोर मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात असतो. जानेवारी ते मार्चमध्ये तो पुन्हा काहीसा डोके वर काढतो. अड्याळ (ता. पवनी, जि. भंडारा) परिसरात पहिला काळ धानाच्या रोवणीचा, तर दुसरा झाडीपट्टीच्या नाटकांचा. रोवणीच्या दिवसांत अंगात ताप असला तरी मजुरी बुडू नये म्हणून माणसे कामावर जातात. बांधीतील मोकळ्या हवेत धोका कमी असतो. गच्च भरलेल्या वाहनात तो अधिक.

या आजाराने आपल्या भागाला पूर्वी जबर तडाखा दिला आहे. १९१८ च्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे. भंडारा जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रांतात होता, तो सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता. २००९ मध्ये एच१एन१ विषाणूची, म्हणजे ‘स्वाइन फ्लू’ची, जागतिक साथ आली आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात देशातील पहिल्या मृत्यूची नोंद झाली. तो विषाणू आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच भाग झाला आहे.

खोकताना व शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून, तसेच दूषित हात नाकातोंडाला लागल्याने फ्लू पसरतो. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. म्हणूनच २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महाधर्मप्रांतात ख्रिस्तशरीर जिभेवर न देता हातावर देण्याची सूचना झाली होती. जिभेवर स्वीकारणे हा भाविकांचा हक्क आहे, हे आम्ही जाणतो. तरीही साथीच्या काळात शेजाऱ्याच्या जिवासाठी तो आग्रह बाजूला ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शांतीचे अभिवादन हात जोडून करावे. (आपल्याकडे त्यासाठी काही नवे शिकावे लागत नाही!)

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापाने आजारी असणाऱ्याने मिस्साला येऊ नये. अनेक वृद्ध भाविकांना रविवारची मिस्सा चुकणे म्हणजे पाप वाटते. परंतु कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २१८१ आजारपण व तान्ह्या बाळांची देखभाल ही रास्त कारणे असल्याचे सांगतो. त्या दिवशी घरीच शुभवर्तमान वाचावे, कुटुंबाने प्रार्थना करावी. औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत घरातच, शक्यतो वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून विश्रांती घ्यावी. खोकताना रुमाल धरावा. हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत.

काढ्याने घसा शेकतो, विषाणू मरत नाही. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेणे निरर्थक आहे. मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. गर्भवती, वृद्ध, पाच वर्षांखालील मुले, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी ताप येताच डॉक्टरांना दाखवावे; कारण ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणताना नेमके हेच दोन दिवस हातचे जातात. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, ओठ वा नखे निळसर होणे, मुलाने खाणेपिणे सोडणे अथवा सतत झोपून राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये. अड्याळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे अथवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विषाणू रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते आणि संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात; म्हणून ती पावसाळ्यापूर्वी घेणे उत्तम. राज्य शासनाने २०१५ पासून गर्भवती स्त्रिया व मधुमेह, उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही लस मोफत देण्याचा उपक्रम राबवला. लस उपलब्ध आहे का, याची चौकशी शासकीय रुग्णालयात करावी. घरी आजारी असलेल्यांना ख्रिस्तशरीर किंवा रुग्णाभ्यंग हवे असल्यास धर्मगुरूंना निःसंकोच निरोप द्यावा. मात्र रुग्णाला ताप व खोकला आहे हे आधी सांगावे, म्हणजे ते मास्क लावून येतील आणि त्याच फेरीतील वृद्धांच्या घरी आधी जातील.