गाण्यांची आणेवारी

तालुक्याच्या कचेरीत काय काय लिहून ठेवलेले असते, ह्याची मोजदाद करू गेल्यास माणूस थक्क होतो. जमिनीचा सर्व्हे नंबर, तिचा आकार, पोटखराबा, कुळाचे नाव, बांधावरील आंब्याची झाडे, इतकेच काय, कोणत्या साली कोणत्या गावी भात किती आणे पिकले, हेदेखील कोणत्या ना कोणत्या रुमालात बांधून ठेवलेले असते. परंतु त्याच भाताच्या लावणीसाठी चिखलात वाकलेल्या बायकांच्या ओठांवर त्या साली कोणते गाणे होते, ह्याची नोंद कोणत्याही तलाठ्याने कधी केलेली नाही. माझे वडील शहापूर तालुक्यात तलाठी होते आणि माझे आजोळ मुरबाड तालुक्यात म्हसा गावाच्या वाटेवर होते. म्हणून दप्तर आणि गाणे ह्या दोन्ही गोष्टी मला सारख्याच परिचयाच्या झाल्या, आणि एकीच्या भाषेत दुसरीचा विचार करण्याची खोड जडली ती आजतागायत सुटलेली नाही.

ज्यांना शेतीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे की, आणेवारी म्हणजे पिकाचा अदमास. भरघोस पीक आले तर सोळा आणे; त्यावरून जसजसे कमी, तसतसे आणे उतरावयाचे. आणेवारी फारच खाली गेली तर सारा तहकूब, नाही तर वसुली, असा कारभार असल्यामुळे ती कोणी, कोठे बसून आणि कोणते शेत पाहून ठरविली, ह्यावर गावोगाव तक्रारी चालत. रस्त्याकाठचे चांगले शेत पाहावयाचे आणि डोंगराकडील वरकस जमिनीकडे फिरकावयाचेही नाही, हा आमच्याकडील शेतकऱ्याचा जुना आक्षेप. गाण्यांच्या लोकप्रियतेची जी आणेवारी आमच्या बालपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता आकाशमार्गे जाहीर होत असे, तिच्याविषयीही माझा थोडासा हाच आक्षेप आहे. मात्र तो आक्षेप प्रेमाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ती आणेवारी म्हणजे रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला'. तिचा आरंभ ३ डिसेंबर १९५२ रोजी झाला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याच्या करमणुकीसाठी कोलंबोत उभारलेले शक्तिमान प्रक्षेपक युद्ध संपल्यावर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते, आणि त्यांच्या लघुलहरी समुद्र व सह्याद्री ओलांडून थेट आमच्या माहुली किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचत. इकडे दिल्लीत त्याच वर्षी नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते अशी त्यांची ठाम समजूत, आणि तदनुसार आकाशवाणीवरून त्या गीतांची जवळजवळ हकालपट्टीच झाली. एका दाराने घालविलेला पाहुणा शेजारच्या दाराने आत यावा, तशी ती गीते मग सिंहलद्वीपाहून परत येऊ लागली. पूर्वी लंकेहून सीतेला आणावयास सेतू बांधावा लागला होता. ह्या खेपेस दाताच्या मंजनाची जाहिरात पुरली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारने चूक दुरुस्त केली खरी, पण तोवर बुधवारची रात्र कोलंबोच्या नावे खातेफोड होऊन चुकली होती.

निवेदक अमीन सयानी हे त्या वेळी वीस वर्षांचेदेखील झालेले नव्हते. कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोस जात. म्हणजे जो आवाज कसाऱ्याच्या आगगाडीने दोन-तीन तासांत आसनगावास उतरू शकला असता, तो समुद्र उल्लंघून, प्रदक्षिणा घालून आमच्याकडे येत असे. पहिल्या स्वरूपात अर्ध्या तासात सात गीते अस्ताव्यस्त क्रमाने वाजवीत आणि त्यांचा लोकप्रियतेनुसार क्रम लावून पाठविण्यास श्रोत्यांना सांगत. बिनचूक उत्तराला शंभर रुपयांचे पारितोषिक होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, आणि पुढे तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत चढला. इतके टपाल मोजणार कोण! तेव्हा १९५४ च्या डिसेंबरपासून स्पर्धा काढून टाकून तासाभराची, खालून वर चढत जाणारी क्रमवारी सुरू करण्यात आली.

आमच्या शहापूरला हे सारे ऐकावयाचे म्हणजे आयोजन करावे लागे. शहापूर हे आग्रा रस्त्यावरचे गाव; आगगाडी १८६० साली आली तीही गावाला वळसा घालून आसनगावी थांबली. मुरबाडला तर तिने अद्याप दर्शन दिलेले नाही. आळीतील एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर मोठा रेडिओ होता. त्याच्यासाठी विटेएवढी बॅटरी, कौलांवर तांब्याच्या जाळीची एरियल आणि दरवर्षी टपालकचेरीत जाऊन नवा करून घ्यावयाचा परवाना असा सरंजाम लागे. बुधवारी संध्याकाळी दिवाबत्ती झाली की, घोंगडी घेऊन आम्ही मुले अंगणात, पुरुषमंडळी ओट्यावर आणि बायका माजघराच्या दाराआड अशी बैठक बसे. लघुलहरींचा स्वभाव मोठा लहरी. आवाज भरतीसारखा चढावयाचा आणि ऐन पहिल्या क्रमांकाच्या वेळी ओहोटीसारखा ओसरावयाचा. पावसाळ्यात तर विजेच्या कडकडाटातून गाणे वेचून घ्यावे लागे. तरीही निवेदकाचे शब्द कळत, ह्याचे श्रेय त्यांच्या घरच्या संस्काराला आहे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत, पण एकाच सोप्या हिंदुस्तानी भाषेत काढीत, आणि मुलगा त्या कामात हातभार लावीत असे. नवसाक्षरांसाठी घडविलेली ती भाषा आमच्या निरक्षर आळीला परकी वाटली नाही. भगिनींना अगोदर आणि बंधूंना मागाहून हाक मारण्याची त्यांची रीत तर माजघराच्या दाराआड विशेष पसंत पडली होती.

एका शब्दाने मात्र घोटाळा केला. क्रमवारीतील पायरीला ते 'पायदान' म्हणत. एकदा दिवाळीच्या सुटीत आजोळी मामाने नव्याने आणलेल्या ट्रान्झिस्टरवर गीतमाला चालली असता आजीने बराच वेळ ऐकून घेतले आणि शेवटी न राहवून विचारले, "काय रं, गान्याला पायतान कशाला?" मामाने हसू आवरून समजावले, "आये, पायतान नाय, पायरी. यो गाना आज तिसऱ्या पायरीवर हाय." त्यावर आजी म्हणाली, "मंग देवलाच्या पायरीवर कुनी चढवला त्याला?" प्रश्न अडाणीपणाचा खचित नव्हता. कोणी चढवला, हाच तर साऱ्या आणेवारीचा मुद्दा!

चढविण्याची पद्धत अशी होती की, मोठमोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रिका-विक्रेत्यांकडून खपाचे आकडे मागवावयाचे आणि त्यांवरून क्रम लावावयाचा. योगायोग असा की, विलायतेत 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' ह्या साप्ताहिकाने पहिली क्रमवारी छापली ती १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, म्हणजे गीतमालेच्या अवघे तीन आठवडे आधी, आणि तीही दुकानदारांना दूरध्वनी करून मिळविलेल्या आकड्यांवरच. पुढे आमच्याकडे असे ध्यानात आले की, दुकानातील माल संपला तर लोकप्रिय गीतही खाली घसरते, आणि दुकानदाराचे मन वळविणारेही काही महाभाग असतात. म्हणून ठिकठिकाणच्या रेडिओ श्रोता संघांची मतेही विचारात घेण्याची सुधारणा करण्यात आली. तेव्हाच्या बिहारमधील झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव फर्माईशी पत्रांच्या जोरावर देशभर प्रसिद्धीस आले, ते ह्याच काळात. फर्मान आणि फर्माईश ह्या एकाच फारसी धातूच्या दोन लेकी. एक कचेरीत नांदली, दुसरी रेडिओवर. आमच्या भागाला पहिलीचीच सवय अधिक असल्यामुळे दुसरीला पत्र घालण्याचे आम्हांला सुचले नाही. तबकडी विकत घेणारे घर आमच्या दोन्ही तालुक्यांत अपवादानेच सापडले असते. तात्पर्य, रस्त्याकाठचे शेत पाहून आणेवारी झाली, आणि डोंगराकडील पीक पाहणीत आलेच नाही.

परंतु पीक होते. लग्नसराईत ज्याच्या मांडवावर कर्णा नाही, त्याचे लग्न लग्नच नव्हे अशी अवस्था हळूहळू आली होती. पूर्वी आगऱ्यांच्या आणि वारल्यांच्या लग्नांत धवलारीण धवले गाई, ठाकरांच्या वाडीत कामडी नाच चाले. आता ह्यांच्या जोडीला लाऊडस्पीकरवाला आला. त्याच्याजवळ चावीचा ग्रामोफोन, बॅटरी, पितळी कर्णा आणि लाखेच्या तबकड्यांची एक पत्र्याची पेटी असे. धवलारीण दमली की, रेकॉर्ड. रेकॉर्ड बदलेपर्यंत पुन्हा धवलारीण. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून हा संसार बिनतक्रार चालला. उन्हात बैलगाडीतून नेताना लाख मऊ पडून तबकडीला बाक येई आणि मग गायिकेचा स्वर झोके घेऊ लागे. पण नवरीच्या मामाची फर्माईश तीच असली की, तेही चाले. पौषी पौर्णिमेस म्हशाच्या जत्रेत, खांबलिंगेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्यांची, बैलांच्या सौदेकऱ्यांची आणि घोंगडीवाल्यांची गर्दी लोटली म्हणजे प्रत्येक हॉटेलवाल्याचा कर्णा निराळे गाणे ओरडत असे. ज्या कर्ण्यापुढे लोक चहा अधिक पीत, ते गाणे त्या साली सोळा आणे. ह्यापेक्षा चोख पाहणी मी तरी पाहिलेली नाही.

ह्या दोन आणेवाऱ्या कधी जुळत आणि कधी जुळत नसत, हे आठवणे मोठे मनोरंजक आहे. १९५३ च्या वार्षिक यादीत 'अनारकली'तील लताबाईंचे गीत अग्रभागी आले. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. ते गीत शहाण्यासुरत्यांना आवडले, पण आमच्या मांडवात त्याची मरणाची भाषा अपशकुनी ठरून ते बाजूला पडले. १९५७ साली मात्र चमत्कार घडला. बड्याबड्या चित्रपटांना मागे सारून 'जनम जनम के फेरे' ह्या भाविक चित्रपटातील, भरत व्यासांनी लिहिलेले आणि एस. एन. त्रिपाठींनी स्वरबद्ध केलेले द्वंद्वगीत पहिले आले. त्याची चाल भजनाच्या इतकी जवळची होती की, आमच्या भजनी मंडळाने ती एका अभंगाला लावून टाकली. १९७२ साली त्याच मंडळींनी 'हरे रामा हरे कृष्णा' हे चित्रपटाचे नाव ऐकून आनंद मानला, आणि त्यातील आशाबाईंचे अव्वल ठरलेले गाणे ऐकून रेडिओ बंद करविला. बंद झालेल्या रेडिओपासून उठून तरुण मंडळी पारावरच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडे गेली, हे सांगणे नलगे. १९७५ साली 'रोटी कपडा और मकान'मधील महागाईवरची कव्वाली शिखरावर बसली, तेव्हा रॉकेलच्या रांगेत उभे राहणाऱ्यांस कोणत्याही दुकानदाराचा आकडा विचारण्याचे कारण उरले नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने भाजून निघालेल्या महाराष्ट्रात ते गाणे करमणुकीपेक्षा साक्षीपुराव्यासारखे ऐकले गेले. माझ्या मते गीतमालेच्या साऱ्या इतिहासात आणेवारीचा आकडा आणि पीक इतके तंतोतंत जुळल्याचे दुसरे उदाहरण नाही.

जुनी गाणी सारीच थोर होती असे म्हणण्याचा मोह माझ्या वयाच्या माणसाला होतो. पण यादी नीट वाचली तर तो टिकत नाही. त्यांत सामान्य गीते पुष्कळ होती, उसन्या चालींची होती, आणि काही तर केवळ नायकाच्या टोपीमुळे गाजलेली होती. मात्र त्या काळी वाट पाहावी लागे. आठवड्यातून एकदाच कळणार, तेही ढगांची मर्जी असेल तर. त्यामुळे गुरुवारी सकाळी शाळेच्या वाटेवर कोणते गाणे चढले आणि कोणते उतरले ह्याची जी चर्चा होई, तिने सामान्य गीतालाही वजन येत असे. गीतमाला कोलंबोहून १९८८ पर्यंत चालली, नंतर विविध भारतीवर १९९४ पर्यंत रेंगाळली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले. ती बातमी मला मोबाईलवर आली, तत्क्षणी, आवाजाची भरती-ओहोटी न होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुरबाडकडील एका जुन्या मांडववाल्याच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडण्याचा योग आला. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "भाऊ, वाजत नाहीत आता, पण फेकवत नाहीत." लाखेच्या तबकडीवर सुई जितकी अधिक फिरते, तितके तिचे काळे तेज जाऊन चऱ्या पांढुरक्या पडतात; म्हणून न वाजविताही कोणते गाणे किती वाजले ते उजेडात धरून वाचता येते. मी एकेक तबकडी दाराशी नेऊन तिरपी धरू लागलो. 'अनारकली'ची काळी कुळकुळीत होती. 'जनम जनम के फेरे'ची पांढरी पडली होती. आणि सर्वांत पांढरी, जवळजवळ राखेच्या रंगाची, निघाली ती एका कोळीगीताची, जिच्यावरील लेबल झिजून नाव पुसले गेले होते आणि जी कोणत्याही बुधवारी कोणत्याही पायरीवर चढलेली नव्हती. वडिलांची पाहणीची वही मला आठवली. तिच्यात आण्यांसाठी एक रकाना असे. मी त्या तबकडीच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने 'सोळा' असे लिहिले, आणि पेटी होती तशी बंद करून परत माळ्यावर ठेवविली.